टेबलाखालचा हात

सरांनी माझा हात कॅसिओवरून उचलला. चिमटीत धरून. मेलेली पाल शेपटीला धरून उचलतात तसा. उचलला आणि माझ्याच मांडीवर ठेवला. मग खिशातून रुमाल काढला आणि पट्ट्या पुसल्या. पांढऱ्या आधी, काळ्या मागाहून.

कॅसिओ माझा होता.

सगळा वाद्यवृंद बघत होता. तबला, पेट्या, बासरी, झांजा. खंजिरीवाला पोरगा तोंड दाबून हसला, पण त्याचा हात हलला आणि खंजिरी मोठ्याने हसली.

"शारदास्तवन आहे," सर म्हणाले. आवाज एकदम गोड. "तुमच्या घरी चालायचं नाही. उगाच कटकट नको. वाजवेल मृणाल. वाद्याची जबाबदारी तुझी."

मला गोष्ट फुगवून सांगायची खोड आहे. पुढे सर ताडाएवढे झाले आणि कॅसिओ हत्तीएवढा झाला, तर त्यातलं अर्धं सोडून द्या. पण ती चिमटी, तो रुमाल आणि हे बोलणं जसंच्या तसं आहे. त्यात मी चवीपुरतं मीठसुद्धा घातलेलं नाही.

नव्व्याण्णव साल. मी नववीत. आम्ही मुसलमान. रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, खाडीच्या काठाला आमचं घर. गावातले अर्धे पुरुष बोटींवर, अर्धे आखातात. गावात पुरुष म्हणून उरलेले ते म्हातारे, शेंबडी पोरं आणि बोकड. माझे अब्बा मस्कतला क्रेन चालवायचे. घरी आम्ही आईला आईच म्हणतो. आमची भांडणं मराठीत होतात, स्वप्नं मराठीत पडतात. पण सरांची पक्की खात्री होती की दार लावलं की आम्ही उर्दू सुरू करतो.

कॅसिओ अब्बांनी सुट्टीवर येताना आणला. ब्लँकेटात गुंडाळून, विमानभर मांडीवर घेऊन. कस्टमवाल्याला वाटलं आत माणूस झोपलाय, असं अब्बा सांगायचे. थापा आमच्या घराण्यातच आहेत. पहिल्या दिवशी मी दोन्ही पंजे पट्ट्यांवर आपटले तेव्हा समोरच्या माडावरचे कावळे खाडीपार उडाले, ते अजून परत आलेले नाहीत. पण वर्ष उलटल्यावर पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी मासळी घेऊन चढणाऱ्या बायका आमच्या अंगणापाशी टोपली उतरवून थांबायला लागल्या. मला कोणी शिकवलं नाही. रेडिओवर गाणं ऐकायचं आणि बोटांनी हुडकत बसायचं. हुडकता हुडकता सापडायचं.

एकच पंचाईत होती. मस्कतची पिन चौकोनी पायांची, आपल्याकडच्या गोल भोकांत जाईना. अब्बांनी पिन कापली, वायरीची टोकं सोलली, भोकांत खुपसली आणि घट्ट बसावीत म्हणून वर आगपेटीच्या काड्या ठोकल्या. अब्बा मस्कतला परतल्यावर ते काम माझ्याकडे आलं. काडी ठोकताना मी दर वेळी डोळे मिटून कलमा म्हणायचे. वीज कुणाचा धर्म विचारत नाही, सरळ धरते.

त्या वर्षी शाळेचा वर्धापनदिन थाटात करायचं ठरलं आणि सरांनी वाद्यवृंद काढला. शाळेकडे कीबोर्ड नव्हता. खाडीवरच्या पोरीकडे कॅसिओ आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. सरांनी वर्गात येऊन माझं नाव घेतलं. चुकीचं घेतलं, पण घेतलं. मी बाकावरून उठले ती जमिनीला पाय न लावता संगीताच्या खोलीत पोचले.

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांना ओळीने उभं करून वाद्यवृंदात असणं म्हणजे काय ते समजावलं. आपलं वाद्य आपण आणायचं, पुसायचं, झाकायचं, जपून परत न्यायचं. तालमीला उशीर नाही. दुसऱ्याच्या वाद्याला हात नाही. आणि म्हणाले, एक चुकला की सगळे चुकतात, म्हणून इथे कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. हे शेवटचं ऐकताना मला रडू आलं. खरंच आलं. मग आम्ही बसलो, मी पहिला सूर लावला, आणि सरांनी माझा हात उचलला.

मृणाल संस्थेच्या अध्यक्षांची मुलगी. पेटीच्या क्लासला जायची. वाईट नव्हती ती. पण तिची बोटं पेटीवर वाढलेली, कॅसिओवर बिचकायची. स्तवन तिला कॅसिओवर कुणी बसवून दिलं? मी. बाजूला उभं राहून, हात न लावता, तोंडाने. अमुक पट्टी, मग तमुक पट्टी. मी कॅसिओ वस्तीच्या एसटीत उभ्याने सांभाळत आणायचा, काड्या ठोकायच्या, तिला शिकवायचं आणि संध्याकाळी तो पुन्हा ब्लँकेटात बांधून घरी न्यायचा. सरांनी सांगितलेली सगळी कर्तव्यं माझी होती. फक्त वाजवणं माझं नव्हतं.

त्यात एक अडचण निघाली. कडवं बदललं की ठेका बदलायचा असतो, वाद्याचा आवाज बदलायचा असतो. त्याची बटणं डाव्या बाजूला. मृणालचे दोन्ही हात पट्ट्यांवर अडकलेले. घाईत भलतंच बटण दाबलं जायचं आणि शारदास्तवनाला एकदम डिस्कोचा ठेका लागायचा. सरांनी विचार केला आणि तोडगा काढला.

स्टेजवर शिक्षकांचं मोठं टेबल आणलं. पुढून फळीने बंद. टेबलावर कॅसिओ. मागे खुर्चीत मृणाल. आणि टेबलाखाली, तिच्या पायांशी, उकिडवी, मी. वेळ आली की फक्त हात वर काढायचा, बटण दाबायचं, हात खाली घ्यायचा.

सर पहिल्या रांगेत जाऊन बसायचे, जिथे पाहुणे बसणार तिथे. आणि तिथून ओरडायचे, "बोटं दिसतायत. खाली."

टेबलाखाली काय काय होतं ते सांगते. अंधार होता. मृणालच्या सँडल माझ्या नाकासमोर होत्या. आणि विजेचा बोर्ड होता, स्टेजच्या फळीवर ठोकलेला, माझ्या घोट्याला लागून. त्यात माझ्याच हाताने ठोकलेल्या काड्या. त्यांच्यामागे उघडी तार. माझा पाय हलला तर काडी निघणार. काडी निघाली तर कॅसिओ बंद पडणार. कॅसिओ बंद पडला तर सर. आणि तारेला पाय लागला तर मी. तुम्हाला वाटेल मी तारेला भ्यायचे. नाही. तार एकदाच मारते. मी सरांना भ्यायचे. त्यांनी कधी छडी उचलली नाही, कधी कान पिळला नाही. नुसतं माझ्याकडे बघायचे. कुठलं बटण, कुठला आकडा, सगळं पाठ असून डोकं रिकामं व्हायचं.

भीतीने लघवी लागायची. एकदा थांबली नाही. मी ओढणी काढली, तारेकडे जाऊ नये म्हणून घाईघाईने पुसली, आणि पुढचं बटण वेळेवर दाबलं. ठेका चुकला नाही. सर लांबून म्हणाले, छान.

आणि गावात मी काय सांगत होते? शाळा माझ्या बोटांवर उभी आहे, सर माझ्याशिवाय पाणी पीत नाहीत, मोठे पाहुणे मलाच ऐकायला येतायत. पाखाडीवरच्या बायका टोपली डोक्यावर तशीच ठेवून ऐकायच्या.

आमच्याकडे तेव्हा मस्कतला कॅसेटी जायच्या. पत्राच्या जागी. आई टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायची. मध्येच कोंबडा आरवायचा, शेजारणीचं भांडण व्हायचं, सगळं त्यात भरलं जायचं. सुट्टी संपवून निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून ती कॅसेट जायची. तिकडून अब्बांची यायची. त्यांच्या ताज्या कॅसेटमध्ये निम्मं बोलणं माझ्या कार्यक्रमाचंच होतं. त्याची कॅसेट पाठवा. खोलीतल्या सगळ्यांना ऐकवायची आहे. माझी पोर वाजवते म्हणून सांगितलंय.

आईने ती कॅसेट पुन्हा लावली, तेव्हा मी उठून अंगणात गेले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तालमीला, मी सरांसमोर उभी राहिले. कसं विचारलं ते आठवत नाही. शेवटचं कडवं तरी मला वाजवू द्या, असं काहीतरी. अब्बांना कॅसेट पाठवायची आहे.

सर रागावले असते तर मी पुन्हा टेबलाखाली गेले असते. अजूनही तिथेच असते कदाचित. पण ते रागावले नाहीत. हसले.

"अगं, रेकॉर्डिंग होणारच आहे. तुला देतो की एक कॅसेट. पाठव वडिलांना. त्यांना कुठे दिसणार आहे कोण वाजवतंय ते?"

हे त्यांनी मनापासून सांगितलं. माझ्या भल्यासाठी सांगितलं.

मी टेबलाखाली गेले. सवयीने गेले. सर पुढे जाऊन बसले, मृणालने हात पट्ट्यांवर ठेवले. आणि मला मस्कतची खोली दिसायला लागली. दिवसभर क्रेनवर तापून आलेला माझा बाप. त्याच्याभोवती खोलीतली माणसं. मध्ये टेप. मृणालची बोटं वाजतायत, आणि माझा बाप मान हलवून म्हणतोय, माझी पोर. माझ्या बापाला माझ्याच कॅसिओवर फसवायचं होतं. आणि ते कामसुद्धा मीच करायचं होतं. तीपण जबाबदारी माझी.

कलमा आठवेना. मी एक काडी काढली. मग दुसरी. मग वायर ओढली.

कॅसिओ गप्प झाला. पेटी थोडी पुढे गेली आणि थांबली. मी टेबलाखालून बाहेर आले. गुडघ्यांना धूळ.

"काय झालं?" सर.

"घरी नेते, सर."

"उद्या कार्यक्रम आहे."

"मी वाजवणार असेन तर आणते."

डासाएवढा आवाज निघाला. पण स्टेजवर सगळे इतके गप्प होते की शेवटच्या खंजिरीपर्यंत पोचला. मी ब्लँकेट पसरलं. मृणाल खुर्चीतून उठली, ब्लँकेटाचं एक टोक तिने धरलं, गाठ मारायला मदत केली. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्याही हातांना घाम होता.

एसटी स्टँडपर्यंत मी पळालेच. वाटत होतं, अख्खी रत्नागिरी पाठीमागे धावतेय.

अख्खी रत्नागिरी आली नाही. दिवस मावळायच्या आत अध्यक्षांची जीप मात्र आली. पाखाडीच्या पायथ्याशी थांबली आणि सर एकटे वर चढले. घामाघूम. त्यांना आमच्या अंगणात बघितलं आणि मी भाताच्या कणगीमागे जाऊन बसले. घरात पुरुष नाही. बाहेर जीप.

आईने पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात घेतला, प्यायले नाहीत, पडवीच्या कठड्यावर ठेवला. मग बोलत राहिले. शाळेची अब्रू, इतक्या मुलांची मेहनत, पुढच्या वर्षी माझी दहावी. आई ऐकत होती. ती कधी शाळेत गेलेली नाही. तिने एकच विचारलं.

"मास्तर, पोर वाजवते बरी का नाय, तेवडा सांगा."

सरांनी तांब्या कठड्यावर जरा लांब सरकवला. म्हणाले, "उद्या वाद्य आलं नाही, तर हिचं शाळेतून नाव कमी करावं लागेल."

आईने वळून घरात बघितलं. तिच्या तोंडावर माझीच भीती होती. मला कळलं की आता ती कॅसिओ उचलून देणार. मी तिच्या जागी असते तर दिला असता. मी कणगीमागून उठले. पडवीत आले.

"करा नाव कमी, सर. पण कारण लिहून द्या."

"कसलं कारण?"

"मी का वाजवायचं नाही ते."

सरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. तोंडी ते मला कितीतरी सांगू शकले असते. पण कागदावर काय लिहिणार होते? ते माझ्याकडे बघत राहिले आणि मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूसही घाबरतो.

"मुलगी उद्धट आहे," त्यांनी आईला सांगितलं आणि पाखाडी उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. कॅसिओशिवाय झाला. स्टेज कोसळलं, पाहुणे उठून गेले, असं मी पुढे गावभर सांगितलं. तसलं काही झालं नाही. चांगला झाला म्हणे. कुणाचं काही अडलं नाही.

कार्यक्रमापाठोपाठ दिवाळीची सुट्टी लागली. ती संपून शाळा उघडली त्या सकाळी आई म्हणाली, चार दिवस घरी बस. तिला वाटत होतं ते मला फाटकातच अडवतील. मलाही वाटत होतं. मी गणवेश चढवला आणि एसटी पकडली. फाटकात सर उभे होते. मी त्यांच्या समोरून आत गेले आणि माझ्या वर्गात, माझ्या बाकावर जाऊन बसले.

ती भीती गेलेली नाही. आजही मोठ्या खुर्चीतल्या माणसाने गोड आवाज काढला की माझं डोकं रिकामं होतं. होऊ दे. मला कुठूनही काढायचं असेल, तर कारण लिहा आणि खाली सही करा. तोंडी सांगाल, तर मी जागची हलणार नाही.