आडाजवळचं वळण

लातुरात डोंगर नाही, तरी आमच्या घरात डोंगरी शर्यतीच्या तीन सायकली आहेत. याचं मूळ माझ्या रक्तातल्या साखरेत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. मी पडलो कापडदुकानदार, त्यामुळं सायकलीच्या दुकानातली सगळ्यात जाड टायरची सायकल 'टिकाऊ माल' म्हणून उचलली. चौथ्या दिवशी ती पोरीनं पळवली. मग पोराला हवी झाली. मग दोघांच्या मागं मोठं माणूस पाहिजे म्हणून मला परत एक घ्यावी लागली. पोरगी आता पंधराची, पोरगा बाराचा. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं कुठल्या तरी माळावर धडपडत असतो, आणि बायको जीपमध्ये धपाट्यांचा डबा, हळद आणि कापूस घेऊन बसलेली असते.

पहिली शर्यत आम्ही इस्लापूरकडच्या जंगलात केली. पोरगी तिसरी आली, पोरगा सातवा. पालकांच्या गटात मी शेवटचा. शेवटचा म्हणजे किती, तर रस्त्यावरच्या फिती सोडत येणारी माणसं मला ओलांडून पुढं गेली. येताना जीपमध्ये तिघंही माझी नक्कल करत होते आणि मीही हसत होतो. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून मी घरी यायचो तेव्हा पोरांसाठी 'जेवलात का?' एवढंच उरलेलं असायचं. सायकलीनं आम्हाला बोलायला विषय दिला. तो विषय म्हणजे माझं पडणं, ही गोष्ट वेगळी.

गेल्या हिवाळ्यात पोरगा मोबाइल नाचवत आला. "पप्पा, शर्यत आपल्याजवळच हाय! किल्लारीच्या पलीकडं. लई भारी ट्रॅक, सगळी टेकाडंच टेकाडं."

वरून काढलेल्या फोटोवर आखलेला ट्रॅक मीही बघितला. सपाट मुलखात एवढे चढउतार एका जागी कसे, असं मला वाटायला हवं होतं. मी म्हणालो, "मस्त आहे की!" आणि मोबाइल बायकोच्या पुढं धरला.

ती पोळ्या लाटत होती. तिनं पाहिलं आणि लाटणं थांबलं.

ती टेकाडं म्हणजे तिचं गाव होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेलं, मग लोकांनी तसंच सोडून दिलेलं. नवं गाव दोन-अडीच किलोमीटरवर वसलं. सासू-सासरे तिथं राहतात. आम्ही दर दिवाळीला जातो. वाटेत जुन्या गावाचा फाटा आला की बायको जीपच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघते. तेव्हा ती आठ वर्षांची होती, धाकटी बहीण पाच. धाकटी राहिली नाही. हे मला सासूबाईंनी लग्नानंतर एकदाच सांगितलं. वर म्हणाल्या, "ती त्याच्यावर बोलत न्हाई. तुम्हीबी इचारू नका." मी आज्ञाधारक जावई. सतरा वर्षं विचारलं नाही. खरं सांगायचं तर, न विचारणं मला सोयीचंही होतं.

आता मी काहीतरी सावरायला गेलो. "अगं, माझ्या लक्षातच आलं नाही. आपण नको जाऊ."

तिनं ते ऐकलंच नाही. पिठाचं बोट पडद्यावर ठेवून ती पोराला म्हणाली, "हिथून खाली उतरायचंय का रे तुमाला? पाराच्या डाव्या अंगानं?"

"हाव. सगळ्यात फास्ट उतार हाय तो."

"तिथं आड हाय."

मी शर्यत भरवणाऱ्या मास्तरांना फोन लावला. तरुण माणूस, पोरीच्या शाळेत खेळ शिकवणारा. तो नम्रपणे म्हणाला, "काका, नव्या गावची परवानगी काढलीय, आम्ही दोनदा चालून बघितलंय. विहीर-बिहीर काही नाही. तुम्ही दाखवत असाल तर शनिवारी या."

मी फोन ठेवला. दाखवणार कोण? मी तर त्या जुन्या गावात कधी पाऊल टाकलेलं नाही. सासऱ्यांना गुडघ्यांमुळं चालता येत नाही. आम्ही तिघंही बायकोकडं बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो.

"दुसऱ्याची बी लेकरं येत्याल," ती म्हणाली. एवढंच.

शनिवारी दुपारी गेलो. वेड्या बाभळींनी सगळं गिळलेलं. मधूनमधून दगडांचे ढीग, एखादा चौथरा. पोरांनी सायकली उतरवल्या, पण कुणी बसलं नाही. बायको पुढं, तिच्यामागं मास्तर, मग आम्ही. तिनं पदर डोक्यावरून घेतला होता, माहेरच्या गल्लीत कुणी म्हातारं भेटेल अशा बेतानं. पाराचा नुसता ओटा उरला होता. तिथं उभी राहून ती पुटपुटली, "वीस पावलं व्हती. पन ती बारकी पावलं." मग मोठ्या बाईनं लहान पावलं टाकायला सुरुवात केली. एरवी मी यावर काहीतरी बोललो असतो.

चौदा-पंधरा पावलांवर तिनं दोन्ही हात पसरून आम्हाला अडवलं. पुढं गुडघाभर गवत होतं, दुसरं काही नाही. मास्तर म्हणाला, "काकू, इथं तर..."

तिनं एक दगड उचलून गवतात टाकला. आवाज आला नाही. आणि मग आला, खोल, पाण्याचा.

मास्तरानं वाकून गवत बाजूला केलं. काठाचे घडीव दगड कुणीतरी कधीच नेले होते. जमिनीला तोंड लावून आड गवताखाली तसाच होता. मास्तरानं आखलेली वाट त्याच्यापासून दीड हातावरून जात होती.

संध्याकाळपर्यंत नव्या गावातून लोखंडी जाळी आली, वर बाभळीच्या फांद्या टाकल्या, ट्रॅक बारा फूट लांब सरकवला. त्यापेक्षा लांब नेता येईना, पलीकडं पडलेली भिंत होती. मास्तर लाल फिती बांधायला लागला तेव्हा पोरगी म्हणाली, "सर, लाल नको. सगळे तिकडंच बघतील."

"बघू दे की. कळायला नको का?"

"सर, उतारावर जिकडं बघावं तिकडंच सायकल जाते. तुम्हीच शिकवलंत."

मास्तरानं फिती गुंडाळल्या. मग म्हणाला, "वळणाच्या पलीकडं माणूस उभा करतो. सगळ्यांनी त्याच्याकडं बघायचं."

"म्या थांबते," बायको म्हणाली.

मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "सकाळभर थांबावं लागेल. जमेल तुला?" ती ज्या बाजूला उभी राहणार होती, तिच्या पाठीमागंच तिचं घर होतं. हे मला मघाशीच कळलं होतं, कारण आल्यापासून तिनं त्या बाजूला एकदाही मान वळवली नव्हती.

"पाठ करून तर थांबायचंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आधी लेकरांचे गट सुटले. माझ्या गटाची पाळी येईपर्यंत मी पलीकडच्या उंचवट्यावर उभा होतो. साडीवर नारिंगी जाकीट घातलेली माझी बायको लांबून दिसत होती. एकेक पोर उतारावरून सुटायचं आणि ती दोन्ही हात वर करून ओरडायची, "हिकडं! माज्याकडं बघ! खाली न्हाई, माज्याकडं!" अनोळखी पोरं, नांदेडची, उदगीरची, तिच्याकडं बघत सपकन वळून जायची. आमची पोरगी आली, तिलाही तेच. पोरगा आला, तेव्हा मात्र तिचा आवाज निघाला नाही. हात तेवढे वर गेले. तो वळला. मी सुरुवातीच्या रेषेकडं पळालो, शिट्टी वाजली आणि माझा गट सुटला.

माझ्या शर्यतीबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. गळ्यातलं इष्टलिंग जर्सीच्या आत उड्या मारत होतं आणि दुसऱ्या चढालाच मी उतरून चालायला लागलो. आडाजवळ पोचलो तोवर पुढचे सगळे निघून गेले होते. तो उतारही मी सायकल हातात धरूनच उतरलो.

"अजून कुनी मागं हाय का?" बायकोचा घसा पार बसला होता.

"न्हाई. माझ्या मागं कधी कोण असतंय?"

ती हसली नाही. तिनं जाकीट काढलं, त्याची घडी घातली. बराच वेळ ती घडीच नीट करत राहिली. मग म्हणाली, "चला. घर दावते."

मी सायकल तिथंच आडवी टाकली. तेवढ्यात पोरंही आम्हाला शोधत उलटी आली, छातीवर नंबर तसेच. कोण कितवं आलं हे कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ती वळली आणि चालू लागली. आम्ही तिच्या मागं.

घर म्हणजे दगडांचा ढीग, त्यात बाभळीची दोन झाडं, आणि पुढं एक सरळ घडलेला दगड. उंबरठा. पोरगा तो ओलांडायला गेला तशी ती बसक्या आवाजात ओरडली, "आरं, बूट! भाईर काढ बूट!"

पोरगा थांबला. माझ्याकडं त्यानं बघितलं. सगळीकडं काटे होते. मी खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागलो. मग पोरीनं काढले, मग पोरानं. तिनं चपला काढल्या. चौघांची पादत्राणं त्या दगडापाशी ओळीनं ठेवून आम्ही आत गेलो.

काटा माझ्याच पायात घुसला, हे सांगायला नकोच. मी एका पायावर तोल सावरत उभा. ती खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला, आणि काटा काढता काढता पोरांना सांगायला लागली, "हितं चूल व्हती. ह्या अंगाला आम्ही दोघी निजायचो. ती भिंतीकडनं, मी दाराकडनं."

"तिचं नाव काय होतं?" पोरीनं विचारलं.

तिनं सांगितलं. सतरा वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.