पुण्याचं विरजण

आमच्या गावात विरजण मागायला कुणी लाजत नसे. घरात दही नसलं की बाई वाटी घेऊन शेजारी जायची. ती वाटी आमच्या वस्तीकडं मात्र कधी वळली नाही. आम्ही बौद्ध झालो होतो, पण वरच्या आळीच्या ते गावीही नव्हतं.

हे भोंगवलीच्या बाजूचं, सत्तरच्या आसपासचं. दिवाळीनंतर वरची आळी अंबाडी कापून जुड्या ओढ्यात बुडवायची. दोन-तीन आठवडे कुजली की साल सुटायची, तिचा वाख निघायचा, वाखाची दावी व्हायची. आणि खाली आम्ही त्याच ओढ्याचं पाणी प्यायचो! काळं, फेसाळ, नासक्या अंड्याच्या वासाचं. विहिरीवर आम्हाला मज्जाव. धाकटी बहीण जुलाबानं पार वाळून गेली होती. मी फडक्यातून पाणी गाळायचे आणि वरच्या आळीला शिव्या घालायचे. आजही घालते.

एका वर्षी कुठल्याशा सरकारी योजनेतले साहेब पुण्याहून बाटली घेऊन आले. म्हणाले, "पाण्यातले जंतू सालीतला चिकटा खातात, म्हणून वाख सुटतो. त्यातले कामाचे तेवढे आम्ही वाढवलेत. विरजणच समजा. ओली साल सोलून पिंपात घाला, वर हे ओता. वाख लवकर निघेल, ओढाही नासणार नाही."

बाटली कुणी घेईना. आईनं घेतली, मजुरीत मिळालेली अंबाडी सोलून पिंपात घातली. तिला वाख नको होता, पाणी पाहिजे होतं.

आणि जमलं की! आठवड्याच्या आत पांढरा, मऊ वाख निघाला. पिंपातलं थोडं पाणी आईनं मडक्यात राखून ठेवलं. साहेब खूश. चावडीवर म्हणाले, "आता या बाईंकडून घरोघरी विरजण न्या."

झालं! सगळे खाली बघायला लागले. अहो, कुजकं पाणी ते, कोण पिणार होतं? पण विरजण म्हणाला ना बाबा! औषध म्हणाला असता तर नेलं असतं मेल्यांनी. शेवटी पाटील बोलले, "सायेब, आमाला पुण्यावरनं ताजं आणा."

चार दिवसांनी साहेबांची जीप आमच्या दारात. आमच्याकडं न बघता ते म्हणाले, "बाई, पुण्यात शिल्लक नाही. तुमचंच भरून द्या. मी पुण्याचं म्हणून वर देतो."

"आये, देऊ नगंस!" मी ओरडले. मला इतका संताप आला होता की बाटली दगडावर आपटावी. आईनं ती काठोकाठ भरली आणि पदरानं पुसून दिली.

वरच्या आळीनं त्या बाटलीला हळदकुंकू वाहिलं म्हणे. पिंपं भरली, ओढा निवळला, बहिणीच्या अंगावर मांस चढलं.

पुढल्या साली पाटलीणबाई ओढ्यावर भेटल्या. चार हात लांब उभ्या राहून आईला म्हणाल्या, "तुज्यातलं ते गावठी दे टाकून. आमच्यातलं पुण्याचं न्ये. वरनं वतीन तुज्या मडक्यात."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. आईनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. "व्हय बाई, न्हेते की," ती म्हणाली.

घरी येईस्तोवर मी तिला वाट्टेल ते बोलले. भित्री म्हणाले, लाचार म्हणाले. खरं सांगायला तुझं काय जात होतं, असंही विचारलं.

तिनं हंडा खाली ठेवला. "खरं सांगितलं तर समदी पिंपं वततील, अन् अंबाडी परत वड्यात घालतील. मग काय पिशील गं? खरं?"