कलानियोतचं शेत

त्या साली फेब्रुवारीत रानात तांबडी फुलं आलीत, असं कारखान्यातल्या बायका सांगत होत्या. कलानियोत म्हणतात त्यांना. आम्हाला मुंबईहून इस्राएलात, लोदला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सासूबाईंचा जीव घरात कोंडला होता, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्यांना घेऊन जेरुसलेमच्या गाडीत बसले. डोंगरातल्या, सरहद्दीजवळच्या एका लहान स्टेशनावर आम्ही दोघीच उतरलो.

रुळांच्या पलीकडे उतारभर फुलं होती. मी चपलेतला खडा काढायला थांबले. मान वर केली तर सासूबाई वीस-पंचवीस पावलं आत, काष्टा सावरत फुलं बघत होत्या. तेवढ्यात मला गवतात पडलेली तार दिसली, आणि तिच्यावरची पाटी. मी हिब्रू अक्षरं जुळवून वाचली. सुरुंग.

मी म्हणाले, "आई, हलू नका."

"काय गं, साप आहे का?"

"जमिनीत सुरुंग आहेत. पाय उचलू नका."

त्या तिथल्या तिथे उभ्या राहिल्या. स्टेशनावरचा म्हातारा गडी धावत आला आणि हिब्रूत एकच शब्द परत परत सांगू लागला. तो मला कळेना. मला रडू आलं. शेवटी त्याने चिखलात पाऊल दाबलं, उचललं आणि पुन्हा त्याच ठशात ठेवलं.

"आई, आलात त्याच पावलांवर पाय ठेवून या. दुसरीकडे नाही."

"फुलांत ठसे दिसत नाहीत गं."

"दिसेल तेव्हाच पाय टाका. घाई नाही."

मध्येच एक चप्पल चिखलात रुतली. त्या वाकू लागल्या. मी ओरडले, "राहू दे ती!" सासूला असं मी कधी बोलले नव्हते. त्या अनवाणी पायाने पुढे आल्या. प्रत्येक पावलाला मी डोळे मिटत होते. शेवटी त्या गड्याने हात धरून त्यांना तारेबाहेर ओढलं.

परतीच्या गाडीत त्यांनी माझं मनगट लोद येईपर्यंत सोडलं नाही.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलणी ऐकावी लागणार. पण ऊन पाणी आणून त्याने आईचा चिखलाचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक बोट धुऊ लागला.