सपाट ऐकण्याची सवय

आमच्या मागच्या खोलीची एक भिंत कारखान्याशी सामाईक आहे. भिंतीपलीकडे दिवसभर चादरींचे माग चालतात. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्याला त्या खडखडाटाचं काही वाटत नाही. उलट तो थांबला की माणसं दारात येऊन वीज गेली का ते विचारतात. शाळेतली संगीतशिक्षिकेची नोकरी संपल्यावर माझ्या बायकोनं घरीच गाणी रेकॉर्ड करायचं ठरवलं आणि त्यासाठी नेमकी हीच खोली निवडली, तेव्हा मी म्हणालो होतो, "अगं, पुढची खोली घे. मी पुस्तकं हलवतो."

"तुमची पुस्तकं हलवायला सहा महिने लागतील," ती म्हणाली. "तोवर माझा उत्साह संपेल."

खोलीत आवाज घुमू नये म्हणून तिनं चारी भिंतींना चादरी टांगल्या. आमच्या गावात लग्न असो, निवृत्ती असो, पाहुणा निघालेला असो, माणसाच्या हातात चादर पडते. आमच्याकडे न उलगडलेल्या पंधरा-वीस होत्या. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होताना मला मिळालेली मोरांची चादरही खिळ्यावर गेली. सत्काराचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

रेकॉर्डिंग ती कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी करायची. पण खरं काम त्यानंतरचं. आवाज कुठे पुढे आणायचा, तबला किती मागे ठेवायचा, कुठला श्वास राहू द्यायचा, हे सगळं जुळवायला एकेका गाण्याला आठवडा लागे, आणि आठवडाभर माग कुणासाठी थांबत नाहीत. स्पीकर लावून उपयोग नव्हता. म्हणून हेडफोन. तिचा हेडफोन मोठा, कान पूर्ण झाकणारा होता. त्याच्या गाद्यांची सालं निघायला लागली तेव्हा तिनं उरलेल्या खणाच्या कापडाचे अभ्रे शिवले. हिरव्या काठाचे. ते घालून बसली की ती एखाद्या जुन्या रेडिओ केंद्रातली बाई वाटायची.

एक दिवस तिनं मला हाक मारली. "अहो, जरा इकडे या. हे ऐका."

मी हेडफोन घातला. तिनं एक बटण दाबलं. गाणं एकदम कोमेजल्यासारखं झालं.

"बिघडलं," मी म्हणालो.

"बिघडलं नाही. हा हेडफोन खर्जाचे फार लाड करतो. खालचे सूर फुगवून ऐकवतो. मी त्याच्या भरवशावर खर्ज कमी केला, की बाहेर गाणं पोकळ वाजतं. हे नवं सॉफ्टवेअर आहे ना, त्याला हेडफोनचं मॉडेल सांगायचं. मग ते त्याचे लाड बंद करतं."

"आणि उरतं काय?"

"सपाट उरतं. जे आहे तेच. त्यावर जुळवलेलं गाणं मग कशावरही नीट वाजतं."

"बेचव लागतंय."

"पंधरा दिवस ऐका. पथ्याचं जेवणसुद्धा पंधरा दिवसांनी आवडायला लागतं."

मी पंधरा दिवस ऐकलं नाही. तिनं ऐकलं. मग ती सांगायची की जुनं ऐकणं आता तिला तेलकट वाटतं.

त्याच दिवसांतली एक गंमत आम्ही पुढे कित्येक पाहुण्यांना सांगितली. तिनं एका महिला भजनी मंडळाची गाणी तयार करून दिली. दोन दिवसांनी मंडळाच्या प्रमुख बाई दारात. चहा झाला, फरसाण झालं, मग त्या हळूच म्हणाल्या, "बाई, गाणी ग्वाड झालीत. पण आमच्या ढोलकीला उपास हुता काय ओ?" माझी बायको हसत सुटली. गाणी बाहेर काढताना, म्हणजे सगळं एकत्र करून शेवटची फाईल बनवताना, ती ते सॉफ्टवेअर बंद करायला विसरली होती. हेडफोनसाठी कापलेला खर्ज गाण्यातूनच कापला गेला होता. मला कळेना, तेव्हा तिनं माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बोट केलं. "हा तुम्ही घालायचा. पुस्तकाला घालायचा नाही."

पाहुण्यांना आम्ही ढोलकीचा उपास सांगायचो. चष्म्याचं सांगायचं राहून जायचं.

चाचा समोरच्या गल्लीत राहतात. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. त्यांच्या आईच्या काही दखनी लोऱ्या होत्या, पाळण्यातल्या पोराला निजवायच्या. चाचा त्या स्टिअरिंगवर बसून गायचे, झोप येऊ नये म्हणून.

"लोरी म्हणून जागे राहायचे?" बायकोनं विचारलं होतं.

"हौ बाई. टेंभुर्णी मागं पडलं की पहिली लोरी. सातवी संपेस्तोवर पुण्याचे दिवे."

चाची आतून म्हणाल्या, "पोरीला एकदा झोपवलं नाही. ट्रकला झोपवत होते."

त्या सात लोऱ्या रेकॉर्ड करायचं निमित्त वाईट होतं. चाचांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागणार आणि आवाज जाणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. त्यांची मुलगी तेव्हा लग्नाची होती. चाचा आमच्या चादरींच्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, "हिच्या लेकराला कोण म्हणणार, बाई? हिला तर एक येत नाही." सुट्टीच्या दोन दिवसांत सातही झाल्या. आवाज भरदार होता, छातीतून येणारा, आणि त्यात इंजिनासारखी एक बारीक घरघर होती. बायको म्हणाली, ही घरघर जपायची, तीच खरी.

ऑपरेशन झालं. चाचा वाचले. आता ते फुंकर घातल्यासारखं बोलतात, गळ्यावर दोन बोटं ठेवून.

लोऱ्यांचं काम बायकोनं घाईनं केलं नाही. मग ती स्वतःच आजारी पडली. अंथरुणावरून उठून अर्धा तास, पाऊण तास बसायची. मी शेजारी बसून बटणं शिकलो. शेवटी एकदा तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "झालं. अजून एकदा ऐकते, मग देऊ." तो 'एकदा' आला नाही.

ती गेल्यानंतर वर्षभर मी त्या लोऱ्या रोज सकाळी ऐकल्या, खणाचे अभ्रे कानावर घेऊन. सातही. आता मलाही सपाट ऐकणं आवडायला लागलं होतं. चाचांना मात्र दिल्या नाहीत. दिल्या की तिचं हातातलं शेवटचं काम संपणार होतं, आणि चाचांनी कधी मागितल्या नाहीत. रस्त्यात भेटले की गळ्यावरची बोटं छातीवर नेऊन नमस्कार करायचे, एवढंच.

घरात तिच्या टिकल्या जिथं तिथं होत्या. आरशावर चार, फ्रिजच्या दारावर एक, पंख्याच्या बटणापाशी एक, कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक मोठी लाल. मी एकही काढली नाही. धूळ पुसताना फडकं त्यांच्या कडेकडेनं फिरवायचो.

फाल्गुनात चाची आल्या. मुलगी बाळंतपणाला आली होती, नात झाली होती. चाळीस दिवस झाले की सासरी गुलबर्ग्याला जाणार. चाची बराच वेळ कारखान्याच्या आवाजाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "सर, ते काही बोलत नाहीत. पण पाळण्यापाशी बसतात आणि त्यांचे ओठ हलतात की."

मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी सातही लोऱ्या बाहेर काढल्या. तिनं म्हटलेलं ते 'अजून एकदा' मी तिच्या वतीनं केलं: फाईल मोबाईलमध्ये घेतली, हेडफोन मोबाईलला लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. अगदी तसंच होतं, रोज ऐकत होतो तसं. समाधानानं मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो.

चाचांकडे ट्रकच्या केबिनमधून काढून आणलेला स्पीकर आहे, फळीवर ठेवलेला. मुलगी बाळाला घेऊन खाटेवर बसली होती. पहिली लोरी लागली. आवाज आला, पण पातळ. शब्द सगळे होते, सूर होते. छाती नव्हती. घरघर तर कुठेच नव्हती. कुणीतरी चाचांची नक्कल करत होतं.

"छान आहे की," मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली.

चाचींना असलं खोटं जमत नाही. "ही त्यांची आवाज नाही, सर. मी चाळीस वर्षं ऐकली. ही त्यांची नाही."

चाचा स्पीकरकडे बघत राहिले. मग गळ्यावर बोटं ठेवून म्हणाले, "मशिनीत माझं ऑपरेशन दुसऱ्यांदा झालं वाटतं." आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसले. त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

"दोन दिवस द्या," मी म्हणालो.

घरी येताना माझ्या मनात जे आलं ते इथं लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मला वाटलं, तिचे कान गेले होते. शेवटच्या महिन्यांत औषधांनी ती गुंगीत असायची. डोळे मिटून ऐकते आहे असं मला वाटे तेव्हा ती झोपलेलीही असेल. वर्षभर ज्या कामाला मी रोज सकाळी हात जोडल्यासारखं ऐकत होतो, ते मुळात बिघडलेलं होतं आणि मला कळलं नव्हतं. तिच्याबद्दल अशी शंका मी ती असताना कधी घेतली नव्हती.

मी तिच्या फाईलची प्रत काढली. ती ग्रंथालयातली सवय, मूळ प्रत कपाटात, हाताळायला दुसरी. प्रतीमध्ये खालचे सूर वाढवले. हेडफोनमध्ये चाचांचा आवाज रांजणातून आल्यासारखा झाला. थोडे कमी केले. पुन्हा वाढवले. पलीकडे माग चालू होते आणि मला काहीच ठरवता येईना. ती असती तर एका कानानं ऐकून "नको" म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातही लोऱ्यांच्या आवाजाच्या रेषा एकत्र पाहाव्यात म्हणून कॉम्प्युटरवरची कामाची खिडकी पडदाभर उघडली. एरवी मी ती अर्धीच उघडायचो. पडद्यावर मागे तिनं लावलेलं आमच्या जास्वंदीचं चित्र दिसत राहावं म्हणून. खिडकी पसरली आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटं हिरवं बटण नेमकं त्या लाल टिकलीखाली येऊन थांबलं. इतकं नेमकं, की टिकली बोट दाखवत होती म्हणावं.

ते त्या सॉफ्टवेअरचं बटण होतं. चालू होतं. वर्षभर चालूच होतं.

मला ढोलकीचा उपास आठवला, आणि या वेळी चष्माही आठवला. फाईल मोबाईलमध्ये मला बरोबर का वाटली, तेही उमगलं: लाड करणारा तोच हेडफोन मी लावला होता. गाण्यातून कापलेला खर्ज त्यानं पदरचा भरून मला ऐकवला होता. भजनी मंडळाच्या त्या बाई त्या दिवशी परत गेल्यानंतर कधीतरी तिनं कपाळाची टिकली काढून तिथं लावली असणार, आपण पुन्हा विसरू नये म्हणून. मी तिच्याभोवतीची धूळ पुसत राहिलो होतो.

 मी थोडा हसलो. मग माझी प्रत पुसून टाकली, तिची मूळ फाईल उघडली. तिनं लावलेल्या एकाही रेषेला हात लावला नाही. हिरवं बटण दाबलं, ते करडं झालं. सात लोऱ्या बाहेर काढल्या. या वेळी हेडफोनवर ऐकून पाहिल्या नाहीत.

चाचांच्या घरी दुपारची जेवणं उरकत होती. मी फळीवरच्या स्पीकरला मोबाईल जोडला आणि दाराशी उभा राहिलो, बसायचा धीर नव्हता. पहिल्याच ओळीला फळीवरची स्टीलची भांडी बारीक थरथरली. तो आवाज होता. छातीतला, घरघर असलेला.

चाची हातातलं ताट तसंच धरून उभ्या राहिल्या. "आली," म्हणाल्या. "हीच की."

चाचा पाळण्यापाशी गेले. त्यांचे ओठ हलू लागले, आणि फळीवरून येणारे शब्द त्यांच्या ओठांवर बरोबर बसत होते. नात झोपली नाही. डोळे मोठे करून आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"झोपत नाही बघा," चाची म्हणाल्या. "ट्रकवरच गेली ही पण."

चाचांनी तिसऱ्या लोरीला माझ्याकडे वळून गळ्यावर बोटं ठेवली. "बाईंनी घरघर ठेवली."

"ठेवली," मी म्हणालो. "पहिल्यांदा चूक माझी होती. तिची नव्हती."

निघताना मुलगी दारापर्यंत आली. "काका, तिकडं माझ्याकडं असला मोठा स्पीकर नाही. काकूंसारखा हेडफोन घेऊ का? कुठला घेऊ?"

"काही घेऊ नकोस," मी म्हणालो. "मोबाईलवर ऐक, टीव्हीवर ऐक, गाडीत ऐक. कशावरही ऐक. तिनं त्यासाठीच तर केलंय."