चार लिंबं आणि जयाची विंच

नांदेड-लातूर रस्त्यावर गाडी बंद पडली की लोक आधी देवाला हाक मारतात, मग मेकॅनिकला. दोघंही येत नाहीत असं दिसलं की अहमदपूरच्या जयाला फोन लावतात. जया जीप घेऊन येते. जीपमागं ट्रॉली, ट्रॉलीला दोन लोखंडी फळ्या. फळ्यांवरून गाडी वर चढवायची, बांधायची आणि लातूरची वाट धरायची. नवरा हनुमंत एसटीत कंडक्टर. घरात स्टिअरिंगची हौस एकट्या जयाला, आणि त्या हौशीला नावं ठेवणाऱ्याची पुढची सात वाक्यं घशातच राहतात.

पण एक काटा सलत होता. बंद गाडी फळ्यांवर चढवायला चार गडी लागायचे. मग रस्त्यावर उभं राहून म्हणायचं, "भाऊ, जरा हात लावा." भाऊ हात लावायचे, वर जीभही लावायचे. परवा माळाकोळीच्या पुढं एक मिशीवाला हात झटकत म्हणाला, "ढकलून राहिलो आमी, अन् भाडं घेणार काकू? लई भारी धंदा हाय!"

"मंग तू चालव की! ट्रॉलीसगट रिव्हर्स येतो का? का निस्तं तोंडच रिव्हर्स येतं?" जया कडाडली.

बाकीचे हसले, पण मिशीवाल्याला नाही, तिलाच. राग त्याचाच आला, कारण तो बोलला त्यात अर्धं खरं होतं. त्याच रस्त्यावर तिनं शपथ घेतली, की आजपासून कुण्या गड्याला 'हात लावा' म्हणायचं नाही. म्हणलं तर नावाची जया नाही.

वेळही बरी जुळून आली. लातूरच्या शेषेरावला त्याच्या गॅरेजसाठी रस्त्यावरच्या बंद गाड्या आणणारं कायमचं माणूस हवं होतं. शेषेराव म्हणाला, "बाईमाणसाला काम द्यायला ना न्हाई आपली. पण माझ्या डोळ्यासमोर एकटीनं गाडी चढवायची. एकाबी माणसाचा हात लागला, की विषय संपला."

"गुरुवारी येते," जया म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी विंच, म्हणजे तार गुंडाळत गाडी ओढणारं बॅटरीवरचं यंत्र, घ्यायला नांदेड गाठलं.

दुकानात शिरली तर दुकानदार तिच्या मागं बघायला लागला.

"कुणाला हुडकून राहिलात?"

"साहेब गाडी लावून येत असतील ना?"

"साहेब समोर उभा हाय. विंच दाखवा."

त्यानं सगळ्यात मोठी काढली, खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र. "ही घ्या ताई, ट्रक ओढते!"

"मला ट्रक न्हाई ओढायचा. एवढं धूड ट्रॉलीच्या तोंडावर बसवलं तर सगळा भार जीपच्या शेपटावर. वरून बॅटरी पिऊन टाकल." महिनाभर मोबाइलवर बघून तिचा हिशोब पक्का होता. जेवढी जड गाडी येते तिच्या दीड-दोन पट ओढ पुरे, कारण चढ असतो, चिखल असतो, एखादं चाक बसलेलं असतं. दुकानदारानं मग मऊ दोरीची विंच पुढं केली. दोरी हलकी, हाताला टोचत नाही. पण आपलं ऊन माणसाची कातडी सोडत नाही, ते दोरी सोडणार आहे का? तिनं लोखंडी तारेची घेतली, आणि हातमोजे मागून घेतले फुकटात.

अहमदपूरला मकबूलभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात खरं भांडण झालं. जयाला विंच ट्रॉलीच्या पत्र्यावर, उंच, तिचा लाल रंग दिसेल अशी हवी होती.

"नक्को ताई," मकबूलभाई म्हणाला. "नवरदेवाचा फेटा हाय का, समद्यांना दिसायला? पत्र्यावर बसवली तर पहिल्याच ओढीला पत्र्यासगट उडून गाडीला मिठी मारल. खालच्या लोखंडी चॅनलला धरू."

"मंग रंग दिसणार न्हाई."

"काम दिसंल ना!"

बरोबर मधोमध, चॅनलवर जाड प्लेट, चार बोल्ट, खालून डबल नट. मधोमध नसली तर गाडी तिरकी चढते. जीपच्या बॅटरीपासून अंगठ्याएवढी जाड वायर, मध्ये फ्यूज. लाल रंग दिसायला मात्र मकबूलभाईनं गुपचूप एका बाजूला खाच ठेवली. जयानं ती पाहिली आणि भाव न करता पैसे मोजले. हेच तिचं आभार मानणं.

गुरुवारी सासू अयोध्याबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन जीपमध्ये आधीच बसलेल्या.

"आत्याबाई, परीक्षा हाय, लग्न न्हाई."

"नवी वस्तू हाय. चल गुमान."

गॅरेजच्या मैदानात एक पांढरी कार उभी होती, पुढची चाकं खड्ड्यात रुतलेली. शेषेरावनं मुद्दामच तशी निवडली असणार. जयानं रिव्हर्स घेऊन ट्रॉली कारसमोर आणली, फळ्या खाली सोडल्या. विंच चालताना बॅटरी बसू नये म्हणून जीपचं इंजिन चालू ठेवलं, म्हणजे गिअर न्यूट्रल. हँडब्रेक नावालाच, म्हणून चारही चाकांना दगड लावले. तार ओढत नेऊन कारला अडकवली. तार तुटलीच तर उसळू नये म्हणून तिच्यावर ओलं पोतं टाकलं. रिमोट हातात घेतला.

जया तार बघत असताना अयोध्याबाई जीपभोवती फिरल्या. चाकाला दगड? मुहूर्ताला? त्यांनी एकेक दगड काढला आणि त्या जागी एकेक लिंबू ठेवलं.

"दाब गं!"

जयानं बटण दाबलं. विंच घूं करून बोलली. तार ताठ झाली. फच्! लिंबू फुटलं. गॅरेजातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. फच्, फच्, फच्! आणखी टाळ्या. मग कुणीतरी ओरडलं, "आरं, कार जाग्यावरच हाय! जीपच मागं चाललीया!"

जीप, ट्रॉली, हळद-कुंकू, सगळी वरात उलटी कारकडं निघाली होती. चार मेकॅनिक जीप धरायला धावले.

"हात लावू नका!" जया असं किंचाळली की शेजारच्या हॉटेलातला चहा उतू गेला म्हणतात. "कुणी हात लावला तर हात मोडून हातात देईन!"

चौघं हात वर करून उभे, पोलिसांनी पकडल्यासारखे. जयाचं बोट बटणावरून हटलं नाही. ट्रॉलीच्या फळ्या सरकत आल्या आणि कारच्या पुढच्या चाकांखाली शिरल्या. कारनं एक उचकी दिली, खड्ड्यातून उठली आणि निमूट वर चढून बसली. जीप थांबली.

मग शेषेराव म्हणाला, "ही कार ट्रॉलीवर चढली, का ट्रॉली कारखाली गेली?"

"हात लागला का कुणाचा?"

"हात न्हाई. पण ती लिंबं?"

"लिंबाला हात असतेत का रे मुडद्या?" अयोध्याबाईंनी निकाल लावला. मेकॅनिक हसून हसून खाली बसले. शेषेरावही हसला. "मिळालं काम. जा."

दुसरी कुणी असती तर गेली असती. जयाचं नाक लाल झालं. "लिंबाच्या जिवावर काम नको मला. उतरवते, परत चढवते."

तिनं कार उतरवली, परत खड्ड्यात सोडली. आत्याबाईंचं ताट त्यांच्याच मांडीवर दिलं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. दगड लावले. आता भरवसा कुणाचाच नको म्हणून इंजिन बंद करून जीप गिअरमध्ये टाकली. बटण. घूं. जीप केसभर हलली नाही. कार खड्ड्यातून निघाली आणि नव्या सुनेनं माप ओलांडावं तशी सरळ वर आली. टाळ्या कुणी पिटल्या नाहीत, सगळे नुसते बघत राहिले. तेच हवं होतं तिला.

कार परत खाली सोडली. जया ऐटीत जीपमध्ये बसली, चावी फिरवली.

टक्. टक्.

इंजिन बंद ठेवून विंच चालवलेली. बॅटरी ठार.

गॅरेजात बॅटऱ्यांचा ढीग होता, पण शेषेराव बाह्या सरसावत धक्का मारायला ट्रॉलीमागं येऊन उभा राहिला होता, मागोमाग चौघं मेकॅनिक. "बोल, जयाबाई. म्हण की एकदा."

जयानं आरशात त्या पाच तोंडांकडं पाहिलं. शपथ आठवली. आणि तिला असं काही हसू फुटलं की स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं.

"लावा की हो दादा हात!" ती खिडकीतून ओरडली. "भाडं मात्र मीच घेणार!"