कर्ता विचारणारे बाय सर

आमच्या सरांसमोर 'खडू संपले' एवढंच म्हणायची सोय नव्हती. ते वहीतून मान वर करायचे आणि शांतपणे विचारायचे, "बाय हूम?" म्हणजे, कुणी संपवले. 'डबा सांडला', 'खिडकी उघडी राहिली', असल्या प्रत्येक वाक्याला हा प्रश्न ठरलेला. त्यावरून ईट गावातल्या आमच्या शाळेत त्यांना सगळे बाय सर म्हणू लागले. हजेरीपटावर ते शेख सर होते. पण नवख्या माणसानं शेख सरांचं घर विचारलं तर लोक चार घरं दाखवायचे. बाय सर म्हटलं की थेट मशिदीमागच्या गल्लीत, लिंबाच्या झाडाजवळच्या दारात आणून सोडायचे.

सर उंच होते आणि मानेपासून थोडे वाकलेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. आवाज कधी चढला नाही. ते रागावलेत हे आम्हाला ते चष्मा काढून पुसू लागले की कळायचं.

नववीत ॲक्टिव्ह-पॅसिव्ह आलं, तेव्हा नियम आम्हाला पाठ होते. कर्म पुढं आणा, 'टू बी'चं रूप लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या, 'बाय' लावून कर्ता शेवटी टाका. तरीही वर्गातल्या निम्म्या जणांनी 'द फार्मर वॉज प्लाऊड बाय द फील्ड' लिहून शेताकडून शेतकरी नांगरून घेतला होता. सरांनी त्या वह्या मिटल्या. माझ्या बाकावर बसणाऱ्या सुनंदाला त्यांनी पुढं बोलावलं आणि टेबलावरचं पुस्तक उचलायला सांगितलं. म्हणाले, "आता सगळे सुनंदाकडं बघा. बघताय तिथून वाक्य सुरू करा." आम्ही म्हटलं, सुनंदा लिफ्टेड द बुक. मग त्यांनी पुस्तक माझ्या हातात द्यायला लावलं आणि सुनंदाला वर्गाबाहेर दाराआड उभं केलं. "आता पुस्तकाकडं बघा. पुस्तक उचललं गेलं. द बुक वॉज लिफ्टेड. वाक्य पुरं झालं का? झालं. सुनंदा कुठं आहे? दाराबाहेर. तिला आत घ्यायचं तर 'बाय' म्हणून हाक मारावी लागेल." आम्ही सगळ्यांनी एका सुरात 'बाय सुनंदा' म्हटलं आणि ती हसत आत आली. त्या दिवसानंतर पॅसिव्ह माझं कधी चुकलं नाही.

मराठीच्या तासाला 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग शिकलो होतो, म्हणून तेच इंग्रजीतलं पॅसिव्ह, असं मी एकदा ठासून सांगितलं. सरांना बरं वाटलं असावं. ते म्हणाले, "बाईंनी शिकवलं ते बरोबर आहे. तिथं क्रियापद आंब्याच्या मागं जातं. पण राम अजून वाक्याच्या तोंडाशीच बसलाय. इंग्रजी पॅसिव्ह त्याला तिथून उठवतं." कर्ता कधी गाळायचा तेही त्यांनी सांगितलं. इथं ज्वारी पिकवली जाते, कोण पिकवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तिथं 'बाय' नको. चोर सापडलेला नाही, तिथंही नको. "पण ठाऊक असून लपवायचं म्हणून गाळलंत, तर व्याकरण मार्क देईल, मी देणार नाही."

एकदा माझ्याकडून त्यांच्या टेबलावर लाल शाई सांडली. माझ्या हातून सांडली, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, "हात निराळा आणि तू निराळी का, बेटा?" मी सांडली, असं म्हटल्यावर त्यांनी फडकं पुढं केलं.

दहावीच्या वर्षी सर आमचे वर्गशिक्षक होते, आणि बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म तपासून पाठवायचं काम त्यांच्याकडं होतं. तेव्हा फॉर्म कागदावर भरायचे. फेब्रुवारीत हॉल तिकिटं आली. सरांनी एकेक नाव पुकारून ती वाटली. सुनंदाचं नाव आलंच नाही. तिला वाटलं, उद्या येईल. सरांनी गठ्ठा दोनदा चाळला आणि ते स्टाफरूमकडं गेले.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. मी तिच्याबरोबर होते. त्यांच्या हातात तिचा फॉर्म होता. त्यावर तिच्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते दुरुस्त करायचं म्हणून त्यांनी तो बाजूला काढून आपल्या डिक्शनरीत ठेवला होता. तो तिथंच होता. सर म्हणाले, "सुनंदा, तुझा फॉर्म मी पाठवला नाही. तुझी काही चूक नाही." तिनं फॉर्म हातात घेतला, स्वतःचं नाव वाचलं आणि परत दिला.

सर आणि हेडमास्तर दुसऱ्याच दिवशी बोर्डाच्या कार्यालयात जाऊन आले. मुदत कधीच संपून गेली होती. मग संस्थेला कळवायचं पत्र तयार झालं. ते कसं झालं हे आम्हाला शिपाईमामांनी नंतर सांगितलं. हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. वर्षभरात ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी सरांचा नंबर होता, म्हणून त्यांनी सरांना सांभाळून घेतलं होतं. पत्रात लिहिलं होतं, 'सदर विद्यार्थिनीचा अर्ज अनवधानाने पाठविण्यात आला नाही.' सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि ती ओळ खोडून वर लिहिलं, 'सदर विद्यार्थिनीचा अर्ज मी पाठवला नाही.' खाली सही केली. हेडमास्तर म्हणाले, एवढं उघडं लिहायची काही गरज नाही. सर म्हणाले, लिहिलंय ते राहू द्या.

खरं संकट शाळेत नव्हतं, सुनंदाच्या घरी होतं. तिच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. दहावी झाली की बघू, नाहीतर लग्न, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि एक स्थळ येऊनही गेलं होतं. त्या रविवारी सर सायकलवरून त्यांच्या वस्तीवर आले. मी तिथंच होते. सुनंदा तीन दिवस जेवली नाही म्हणून तिच्या आईनं मला बोलावून घेतलं होतं. अंगणात चुलते, शेजारी असे सात-आठ जण बसले होते. पाणी पुढं केलं तरी सरांनी घेतलं नाही. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, फॉर्म कुठं ठेवला होता तेही.

अण्णा म्हणाले, "पोरीचं एक वर्ष गेलं की, सर."

"गेलं नाही, अण्णा. मी घालवलं."

मग सरांनी एकच मागणं मागितलं. पुढच्या मार्चपर्यंत लग्नाचा विषय काढू नका. तोवर रोज सकाळी शाळेआधी मी इथं येऊन तिला शिकवीन, सगळे विषय. अण्णांनी तेव्हा होकार दिला नाही. सर सायकल घेऊन वळले, तेव्हा अण्णा मागून म्हणाले, "पाणी तर पिऊन जा."

पुढं वर्षभर सर रोज सकाळी त्या वस्तीवर जात होते. मी अकरावीसाठी भूमला जायचे. माझी एसटी वस्तीच्या फाट्यावर थांबायची, तेव्हा खिडकीतून अंगणातली ती दोघं दिसायची. सर खाटेवर, सुनंदा खाली पोत्यावर, आणि तिची आई जवळच शेळीचं दूध काढत असायची. गणितात सर कच्चे होते. आदल्या दिवशी ते दुसऱ्या मास्तरांकडून शिकून यायचे आणि सकाळी तिला शिकवायचे.

त्या पत्रामुळं सरांची चौकशी झाली. हेडमास्तरपद दुसऱ्याला मिळालं, आणि त्यांना संस्थेच्या सोनारीच्या शाळेत पाठवलं. सकाळचं शिकवणं त्यांनी सोडलं नाही. मोटारसायकल चालवायला त्यांना कधी जमलं नव्हतं. वस्तीवरून ते तसेच फाट्यावर येऊन सोनारीकडची गाडी धरायचे.

सुनंदा पास झाली, चांगल्या मार्कांनी. लग्न मात्र त्याच उन्हाळ्यात झालं, ते सरांना थांबवता आलं नाही. अण्णांनी मुलाकडच्यांना एवढं कबूल करायला लावलं की पोरगी पुढं शिकेल. ती शिकली. बारावी सासरी राहून केली, आज अंगणवाडी चालवते. लग्नात सर आले होते. मांडवाच्या कडेला बसले, आणि जेवण न करताच गेले असं कुणीतरी म्हणालं.

मी पुढं भूमला शिक्षिका झाले. सर निवृत्त होऊन ईटलाच राहिले. मी वर्षातून दोनदा त्यांना भेटायला जायचे. शेवटच्या खेपेला ते अंथरुणाला खिळले होते. बोलणं हळू झालं होतं. माझ्या शाळेची चौकशी केली. पॅसिव्ह कसं शिकवतेस, विचारलं. चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा आणायला आत गेल्या तेव्हा सर म्हणाले, "सुनंदा त्या वर्षाबद्दल कधी बोलते का?"

मी म्हटलं, "नाही सर. ती विसरलीसुद्धा असेल."

त्यांनी मान हलवली. माझं त्यांना पटलं नव्हतं, हे मला दिसलं. तिच्याशी या विषयावर मी कधी बोललेच नव्हते. बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलून टाकलं होतं.

त्या भेटीनंतर चार महिन्यांनी सर गेल्याचं कळलं. सुनंदा तिच्या गावाहून आली, मी भूमहून. मातीला पुष्कळ माणसं होती. जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेसमोर जनाजा थोडा वेळ थांबवायला लावला. आम्ही दोघी चाचींजवळ दुपारपर्यंत बसलो आणि मग स्टँडवर आलो. तिथं मी तिला पहिल्यांदाच विचारलं, त्या वर्षाचा तुला राग होता का गं?

तिनं पदर सारखा केला. "होता की. लई होता. सकाळी ते यायचे तवा पुस्तकाकडं बघायची, त्यांच्याकडं न्हाय. पण कुणावर रागवायचं ते त्यांनीच सांगितलं होतं ना. एकाच माणसावर होता, आन तो माणूस रोज समोर येऊन बसायचा. मग संपला एक दिवस. परीक्षेच्या आधीच संपला."

तिची गाडी आली. ती चढली. मी स्टँडवर उभी राहिले. सरांच्या खाटेजवळ बसले होते तेव्हा एवढं मला ठाऊक असतं, तर मी त्यांना खरं उत्तर दिलं असतं.