बुटांच्या खोक्यातले तेवीस हत्ती

आमच्या घरात तेवीस हत्ती होते आणि ते सगळे बुटांच्या एका खोक्यात राहत.

तुम्ही तिकडे परदेशात बसून हसाल, म्हणून क्रमाने सांगते. (क्रमाने सांगणं हाच माझा दोष, असं तुमचे आजोबा म्हणत. मी लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा तारीख आणि मिठाचं प्रमाण लिहून चिकटवत असे.) गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तासगावच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि तुमचे आजोबा सुभेदार म्हणून फौजेतून. शिस्त लावायला आता आम्ही फक्त एकमेकांनाच उरलो होतो. अशात माझा भाचा सतीश मदतीला आला. तो कर्नाटकातल्या एका जंगलात जनावरांचा डॉक्टर होता.

त्या मे महिन्यात आम्ही त्याच्याकडे आठ दिवस राहिलो. मोठ्या सुळ्यांच्या हत्तींची नोंद करायचं काम त्याच्याकडे होतं. अडचण अशी, की एकच हत्ती सोमवारी एका पाणवठ्यावर आणि बुधवारी दुसऱ्यावर दिसला, की त्याचे दोन हत्ती व्हायचे. म्हणून फोटो काढायचे आणि खुणा टिपायच्या. कोणता सुळा लांब, कोणता तुटका, कान कुठे फाटलाय, शेपटीला केस किती. हत्ती सगळे सारखेच दिसतात असं आपल्याला वाटतं. सतीश म्हणाला, हत्तींनाही आपल्याबद्दल तसंच वाटत असणार.

निघताना त्याने निगेटिव्हची पिशवी माझ्या हातात दिली. "आत्या, माझ्याकडे हे सगळं उंदीर खातील. तू प्रिंट काढून घे आणि प्रत्येकाचं एक कार्ड कर." त्याच रोलमध्ये जीपपाशी उभ्या असलेल्या आमच्या दोघांचाही एक फोटो होता.

मी कामाला लागले. निगेटिव्हच्या पट्ट्या कात्रीने कापून सुट्ट्या केल्या, एकेक बटर पेपरच्या पाकिटात घातली आणि प्रत्येक पाकिटावर लिहिलं, 'ही बाजू वर'. कोणती बाजू, हे मी विचार करून ठरवलं होतं. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी खरबरीत. चित्र असतं खरबरीत बाजूवर. लिहिलेली बाजू वर ठेवायची, हा वहीचा साधा नियम. फोटो स्टुडिओचा दिलीप माझा जुना विद्यार्थी. त्याने पाकीट उघडलं, निगेटिव्ह उजेडाला धरली आणि म्हणाला, "बाई, ही बाजू वर?"

"लिहिलंय ना?"

"लिहिलंय, बाई."

"मग वाच."

त्याने मान डोलावली आणि पाकिटं आत नेली. आठ दिवसांत तेवीस हत्ती खोक्यात येऊन बसले. मी कार्डांची एक नक्कल सतीशला पोस्टाने पाठवली आणि आमचा दोघांचा फोटो चौकटीत घालून फळीवर ठेवला. गेली काही वर्षं सुट्टीत तुम्ही पाहता, तोच तो.

हत्तींची बातमी चहाच्या टपरीवरून फिरत फिरत शिदूनानांपर्यंत गेली. शिदूनाना म्हणजे पलीकडच्या गावच्या देवळाचे माहूत. आता सत्तरीचे होते, पण मिशा अजून दोन्ही गालांवरून वळून वर गेलेल्या. त्यांच्या हत्तीचं नाव शंभू. त्याचे सुळे जमिनीला टेकत. त्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधी शंभूला सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या एका जत्रेला नेलं होतं. तो माजावर होता. शिदूनाना टपरीवर चहा प्यायला म्हणून गेले आणि तेवढ्यात शंभूने साखळी तोडून रान गाठलं. तो मेला असं कोणी म्हणे, कोणी म्हणे दिसला होता. शिदूनानांनी त्या दिवसापासून चहा सोडला.

ते आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आवं बाई, एकदा बघू द्या. हाय का न्हाई, यवढंच कळू द्या. मरायच्या आदी कळाय पायजे."

"आधी खुणा सांगा," मी म्हणाले. (परीक्षेत प्रश्नपत्रिकेआधी उत्तरं दाखवायची नसतात.)

"डावा सुळा टोकाला तुटल्याला. देवळाच्या कमानीला धडाकला व्हता. उजव्या कानाला पिंपळपानायवढी चीर. मागल्या डाव्या पायाला साखळीचा वळ."

मी एकेक फोटो पुढे केला. सोळा हत्ती त्यांनी मान हलवून बाजूला सारले. सतरावा हातात घेतला आणि थांबले. त्या फोटोत धुकं होतं. बांबूच्या बेटातून हत्ती बाहेर आलेला, तिरका उभा, आणि डोळा थेट आपल्यावर. शिदूनानांचा अंगठा त्याच्या सोंडेवरून फिरला.

"ह्योच," ते म्हणाले. "पर उलटा."

मी कार्ड वाचलं. तुटका सुळा: उजवा. चीर: डाव्या कानाला. वळ: मागचा उजवा पाय. सगळं तंतोतंत, फक्त सगळं दुसऱ्या बाजूला. मी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. पण मी पस्तीस वर्षं पेपर तपासले होते. उत्तर जवळजवळ बरोबर म्हणजे चूकच.

"नाना, हा तुमचा शंभू नाही," मी ठणकावून सांगितलं. "डावं ते डावं आणि उजवं ते उजवं."

शिदूनानांनी फोटो हळूच पालथा ठेवला. "शंभूच हाय, बाई. पर आता हितला न्हाई. मेलेल्याचं समदं उलटं असतंया. भुताचं पाय उलटं असत्यात का न्हाई? तसंच ह्ये."

"अहो, भुताचा फोटो निघत नाही."

"तुमच्या भाच्यानं काढलाय की," ते म्हणाले, आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. शिदूनानांनी शंभूचं सुतक धरलं होतं. दहाव्या दिवशी येरळा नदीच्या पात्रात ते डोकं आणि मिशा उतरवणार होते. ज्या मिशांना लग्नातसुद्धा न्हाव्याने हात लावला नव्हता, त्या.

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगते, त्या दिवसापासून घर बदललं. आमच्या कामवाल्या सखूने खोक्याच्या खोलीत केर काढायचं सोडलं. "आत कुनीतरी श्वास घेतंय," ती म्हणाली. मी तिला रागावले आणि मग दुपारी एकटी असताना मलाही तो ऐकू आला. लांब, खोल, सावकाश. शेजारी बेदाणे वाळवायचं शेड होतं आणि त्याचं हिरवं कापड वाऱ्याने फुगत होतं, आत जात होतं. कारण मला पूर्ण ठाऊक होतं. तरी मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिथून खिडकीतून पाहिलं, तर ते कापड कानासारखं हलत होतं. एकदा. थांबून, पुन्हा एकदा.

"अगं, कापड आहे ते," तुमचे आजोबा म्हणाले. त्यांनी दोन लढाया पाहिल्या होत्या. मात्र सतरा नंबरचा फोटो त्यांनी खोक्यात सगळ्यात खाली घातला आणि खोक्यावर पितळी खलबत्ता ठेवला.

"हे कशाला?"

"वाऱ्याने उडेल."

"खोकं?"

ते पेपर वाचू लागले. पेपर उलटा होता. तेवढ्यात सांगलीला जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीने वळणावर हॉर्न दिला आणि आम्ही दोघंही उभे राहिलो.

आठव्या दिवशी सतीशचं पत्र आलं. 'आत्या, तुझी यादी मी आमच्या वाटाड्यांना वाचून दाखवली. इतकी सुंदर यादी मी कधी पाहिली नाही. पण यातला एकही हत्ती आमच्या जंगलात नाही. म्हातारा वाटाड्या विचारतोय, की हे हत्ती बाईंना कुठे दिसले.'

मी ते पत्र दोनदा वाचलं. तेवीसच्या तेवीस. मी स्वतः जीपमध्ये बसून त्यातले चार पाहिले होते. धुळीचा वास आला होता मला त्यांच्या. खोलीचं दार मी बाहेरून कडी लावून बंद केलं, आणि मग कडीवर रुमाल का बांधला, हे आजही सांगता येणार नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मी सखूला निर्वाणीचं सांगितलं. खोलीत जायचं नसेल तर नको, निदान बाहेरची फळी तरी पूस. तिने आमच्या दोघांची चौकट उचलली, पदराने पुसली आणि पाहतच राहिली.

"बाई, जंगलात तुमी उजव्या खांद्यावर पदर घेतला व्हता?"

"काहीतरीच काय."

"ह्ये बघा की. आन् घड्याळ बी उजव्या हातात. सायबांचा खिसा बी उजवीकडं. तितं जाऊन तुमी दोगं बी उलटं झाला का काय?"

मी चौकट घेतली. फोटोत माझा पदर उजव्या खांद्यावर होता. दोन महिने ती चौकट मी रोज पाहत होते. क्षणभर, मुलांनो, मला खरंच वाटलं की आम्ही दोघं त्या जंगलातून परत आलोच नाही.

मग मी कडी काढली, खलबत्ता उतरवला, सतरा नंबर घेतला आणि आरशासमोर धरला. डावा सुळा तुटका. उजव्या कानाला चीर. आरशात शंभू उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता.

"अहो, स्कूटर काढा," मी ओरडले.

वाटेत दिलीपचा स्टुडिओ होता. खोकं मांडीवर घेऊन मी स्कूटरवरूनच विचारलं, "दिलीप, फोटो उलटे छापलेस?"

"व्हय, बाई."

"तुला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. खरबरीत बाजू खाली ठिवायची असती."

"मग बोलला का नाहीस?"

"आठवीत मधेच बोललो म्हणून तुम्ही दोन तास वर्गाबाहेर उभं केलं व्हतं," दिलीप म्हणाला. "तवापासनं बाईंच्या मधे बोलत न्हाई."

येरळेच्या कोरड्या पात्रात शिदूनाना पाटावर बसले होते. डोकं झालं होतं. वस्तरा मिशीवर होता. मी वाळूत चपला अडकत पळत सुटले. "थांबा. शंभू जिवंत आहे. चूक माझी आहे. मीच उलटा होता तो."

वाक्य चुकलं, हे मला कळलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी ते दुरुस्त केलं नाही.

न्हाव्याने वस्तरा मिशीवरून बाजूला घेतला. मी पर्समधला आरसा काढून फोटोपुढे धरला. शिदूनाना आरशात बराच वेळ पाहत राहिले. आधी शंभूला पाहिलं, मग स्वतःला. त्यांची डावी मिशी गेली होती. उजवी तशीच होती, लांब, वर वळलेली.

"आता दोगं बी सारकंच दिसतोय," ते म्हणाले, आणि डोळे पुसले. मग न्हाव्याकडे वळले. "गड्या, दुसरी राहू दे. अन् कुनीतरी चहा सांगा."

सतीश त्यांना पुढच्या महिन्यात जंगलात घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यातून शंभू पाणवठ्यावर आला. शिदूनाना जीपमध्ये उभे राहिले, अर्ध्या मिशीनिशी. शंभूने पाणी प्यायचं थांबवून सोंड उचलली आणि बराच वेळ त्यांच्या दिशेने धरली.

"हाक मारली का?" परत आल्यावर मी विचारलं.

"न्हाई."

"का हो?"

"आला असता तर?" ते म्हणाले. "चांगलं चाललंय त्याचं."

तेवीस कार्डं मी पुन्हा लिहिली. चौकटीतला फोटो मात्र तसाच ठेवला आहे. इतक्या सुट्ट्यांत तो पाहून 'आजी छान दिसते' असं तुम्ही म्हणालात, पण पदर कुणालाच दिसला नाही, म्हणजे तुम्ही माझीच नातवंडं. खोक्यात आता एक चोविसावं कार्डही आहे. ते तुमच्या आजोबांच्या अक्षरात आहे. 'मादी. वय साठीच्या पुढे. कळपाला शिस्त लावते. पदर: डावीकडे, प्रत्यक्ष पाहून खात्री करावी. सुळे: नाहीत. कवळी, वरची.'

आणि कोपऱ्यात, माझ्याच पद्धतीने: 'ही बाजू वर.'